रानातल्या आजाराची नोंद कोण ठेवणार?



वन्यप्राण्यांच्या आरोग्यावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं, तेव्हा वाघ-बिबट्यांना बाजूला ठेवून मी बेडूक निवडला. रानात रोग कसा शिरतो आणि त्यात माणसाचा हात किती असतो, हे बेडकांच्या अलीकडच्या इतिहासाइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

पनामात एल व्हाये नावाचं डोंगराळ गाव आहे. तिथल्या ओढ्यांकाठी सोनेरी बेडूक राहायचा. वाहत्या पाण्याच्या गोंगाटात तो पुढचा पाय हलवून दुसऱ्याला खूण करतो. त्या देशात तो भाग्याचं चिन्ह, लॉटरीच्या तिकिटांवरही त्याचं चित्र. शेजारच्या कोस्टा रिकातून एक रोग डोंगरामागून डोंगर पार करत येतोय, हे संशोधकांना दिसत होतं. 2006 मध्ये तो एल व्हायेला पोहोचला. संशोधकांनी हाती लागतील तेवढे बेडूक गोळा करून गावातल्या हॉटेलच्या खोल्यांत ठेवले. अशा प्रयत्नांमुळेच आज ती जात प्राणिसंग्रहालयांत आणि संवर्धन केंद्रांत टिकून आहे. तिच्या ओढ्यांवर मात्र ती दिसेनाशी झाली.

हा रोग कायट्रिड नावाच्या बुरशीचा. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि बेडकाच्या कातडीत शिरतात. बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणी घेतो, क्षारांचा तोल सांभाळतो. कातडी बिघडली की रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम उतरत जातं आणि शेवटी हृदय बंद पडतं. या बुरशीचं शास्त्रीय वर्णन 1999 मध्ये झालं. तोवर कित्येक जाती संपल्या होत्या. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे किमान 501 उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या 90 नामशेष झाल्या असाव्यात. एका रोगाने जीवसृष्टीची एवढी हानी केल्याचं दुसरं उदाहरण नोंदलेलं नाही.

ही बुरशी समुद्र ओलांडून गेली कशी? 2018 च्या जनुकीय अभ्यासाने तिचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या परिसरात दाखवलं, आणि जगभरचा फैलाव विसाव्या शतकातला. याच शतकात जिवंत बेडकांचा व्यापार वाढला. गर्भधारणेच्या चाचणीसाठी दक्षिण आफ्रिकेतून बेडूक देशोदेशी गेले, खाण्यासाठी अमेरिकन बुलफ्रॉगची शेती झाली, हौसेसाठी रंगीत बेडूक विकले गेले. त्यांतले काही रोग अंगावर वागवूनही स्वतः तगून राहतात. म्हणून या साथीला निसर्गाचा कोप म्हणून आपण हात झटकू शकत नाही. तिला वाट आपण करून दिली.

आणि तिची झळ आपल्यापर्यंत येते. बेडूक घटल्यावर पनामा आणि कोस्टा रिकात काही वर्षं मलेरियाचे रुग्ण वाढले, असं 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं. आपल्याकडचं उदाहरण माकडतापाचं. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि गोचिडींतून पसरणारा हा ताप माणसाला ओळखता आला. गेल्या दशकात तो दोडामार्गपर्यंत आला. रानात मेलेलं माकड दिसणं ही तिथल्या गावांसाठी आरोग्याची पहिली सूचना असते.

सह्याद्रीचं काय? उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर कायट्रिडचा संसर्ग असल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. तो आशियाई प्रकार आहे आणि अमेरिकेसारखा संहार इथे नोंदला गेलेला नाही. पण बाहेरचा घातक प्रकार आला तर इथल्या जाती त्याला तोंड देतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. 2009 मध्ये नाव मिळालेला आंबोली टोड पाहा. जगात त्याचा प्रदेश अगदी छोटा. पावसाळ्याच्या तोंडाशी तो सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. त्याच दिवसांत पर्यटकांच्या गाड्या त्याच रस्त्यांवर आणि त्याच सड्यांवर चढतात. अशा जातीवर रोग आला, तर माघार घ्यायला तिच्याकडे दुसरी जागा नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गाईगुरांसाठी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, माणसांसाठी साथरोग सर्वेक्षण आहे. तशी रानात मेलेल्या प्राण्यांची नियमित नोंद आणि तपासणी प्रत्येक जिल्ह्यात व्हावी. वनखातं, पशुसंवर्धन आणि आरोग्य विभाग यांनी ती माहिती एकमेकांना त्याच आठवड्यात द्यावी. परदेशी बेडूक आणि सॅलॅमँडर यांची आयात तपासणीविना होऊ नये.

आणि आपण? काही आठवड्यांत पाऊस येईल, तुमच्यातले अनेकजण घाटात जातील. एका ओढ्यातून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी बूट धुऊन पूर्ण वाळवा. फोटोसाठी बेडूक हातात घेऊ नका. सड्यावर गाडी नेऊ नका. हौसेने पाळलेला प्राणी ओढ्यात सोडू नका. मेलेले प्राणी दिसले तर हात न लावता वनरक्षकाला कळवा. कित्येक जाती संपल्या तेव्हा कायट्रिड कोणाला ठाऊकच नव्हती. आपल्याला ती सबब उरलेली नाही.