पट्टीवाला चिखल्या
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. उभे राहून बोलायची सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्या.

थोरल्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्याकडे आला. रंकाळ्यावरच्या बदकांवर हात बसवला. दोन हिवाळ्यांपूर्वी आंबा घाट उतरून रत्नागिरीला नणंदेकडे गेले होते. सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर, काजळी नदी समुद्राला मिळते तिथे, चिखल्यांचा थवा चरत होता. चिखल्या म्हणजे मातकट रंगाचा लहानगा पक्षी. हिवाळ्यात उत्तरेच्या थंड मुलुखातून येतो. त्यातल्या एकाच्या पायात रंगीत पट्टी, आणि तिच्यावर अक्षरे! मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ सालची संस्था पक्ष्यांच्या पायांत अशी कडी-पट्ट्या घालते. अक्षरे कळवली की पाखरू कुठून कुठे गेले ते समजते. मी पदर खोचून त्याच्यामागे धावले. चाळीस फोटो काढले. घरी मुलाने ते मोठे करून दाखवले, तर अक्षरांच्या जागी नुसते फराटे! त्या रात्री मला जेवण गेले नाही.

बरेच दिवस मी कॅमेऱ्यालाच नावे ठेवली. खरे म्हणजे लांबचे दाखवणारे भिंग असले की हात तसूभर हलला तरी चित्र हलते. म्हणून शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाचे किंवा त्याहून जलद ठेवावे, कोपर पिशवीवर टेकवावे आणि नेम डोळ्यावर धरावा. चिखल्या धावतो, थबकतो, टोच मारतो. थबकला की बटण दाबावे. ऊन चढले की तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते, मग कितीही भारी कॅमेरा असो, चित्र फिसकटतेच. भिंग पदराने पुसू नये. वाळूचे कण ओरखडे पाडतात. (मी पाडले आहेत.)

आणि मागे धावू नये. आपण धावलो की सारा थवा उडतो, परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी फुकट जाते. गप्प बसावे, पाखरे आपणच जवळ येतात.

यंदा नऊवारीत वाळूवर पालथी पडले. मासळीवाल्या बायका हसून बेजार झाल्या. पण फोटोत पीस न् पीस मोजून घ्यावे, डोळ्यात सूर्याचा ठिपका. पायात मात्र पट्टी नाही. तो पुन्हा दिसलाच नाही.

फोटो बाहेर टेबलावर ठेवला आहे. चहा घेताना जरूर पाहावा.