गालांवरील मेद

चेहरा पाहून मनुष्याची प्रकृति ओळखण्याची संवय आपणां सर्वांनाच असते. शिक्षकाला ती अंमळ अधिकच. त्या संवयीनें मला एकदां कसें फसविलें, तें आज सांगावयाचें आहे.

२००८ सालच्या गणपतींत माझा एक जुना विद्यार्थी मुंबईहून देवरुखास आला व मला भेटावयास घरीं आला. वय पस्तिशीचें, पण गाल आंत गेलेले, कानशिलें खोलगट, हातांवरच्या शिरा दोरीसारख्या उठलेल्या. त्याला एड्स झाल्याची कुजबुज आळींत होतीच. हा आतां फार दिवस जगत नाहीं, असें मी मनाशीं ठरविलें आणि, सांगावयास लाज वाटते, त्याचा चहाचा कप वेगळा ठेवण्यास घरांत खुणेनें सुचविलें. एका कपानें हा रोग लागत नाहीं, हें मला तेव्हांहि वाचून ठाऊक होतें. त्यानें ती खूण पाहिली. "गुरुजी, रोग आटोक्यांत आहे," तो म्हणाला. "गाल नेले ते गोळीनें."

तें अक्षरशः खरें होतें. १ एप्रिल २००४ पासून सरकारनें एच्.आय्.व्ही.वरील औषधें मोफत देण्यास आरंभ केला, मुंबईचें जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकीं एक. त्या औषधांत स्टॅव्ह्यूडीन नांवाचें एक स्वस्त औषध असे. त्यानें पुष्कळांचे प्राण वाचविले. परंतु पेशींत ऊर्जा निर्माण करणारे जे सूक्ष्म घटक, त्यांना तें इजा करी, आणि कित्येक रोग्यांच्या गालांवरील व हातापायांवरील त्वचेखालचा मेद हळूहळू नाहींसा होई. डॉक्टर यास लायपोअॅट्रॉफी म्हणतात. आपण मेदक्षय म्हणूं. पोटभर जेवूनहि हे गाल भरत नाहींत. (जन्मतःच मेद नसण्याचा एक अति दुर्मिळ विकार आहे, पण तो निराळा.)

म्हणजे जो नेमानें औषध घेई, त्याच्याच तोंडावर लोक रोग वाचीत! गोळी सोडावी असें त्याच्याहि मनांत येऊन गेलें होतें. ती सोडली असती, तर मग माझें भाकित खरें ठरलें असतें.

२००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हें औषध हळूहळू बंद करण्याचा सल्ला दिला. त्याच्या जागीं टेनोफोविरसारखीं औषधें आलीं. गेलेला मेद मात्र फार सावकाश परततो, आणि तोहि पुरता नव्हे.

त्याचीहि गोळी पुढें बदलली. २०१४ च्या गणपतींत तो आला तेव्हां गाल किंचित् भरलेले दिसले. त्या खेपेस चहा मींच आंतून आणून दिला. कप कोणता, हें त्यानें पाहिलें, मींहि पाहिलें.