मजुरी मोजा, वेळही मोजा



गावचा पोरगा मुंबईला कामाला लागला, की आपण पहिल्यांदा विचारतो, "पगार किती?" विचारावेच. पण आणखी एक गोष्ट विचारत जा : "बाबा, राहतोस कुठे? कामाला जातोस कुठे?"

मुंबई लांबट आणि अरुंद आहे. तीन बाजूंनी समुद्र. जुनी कचेऱ्यांची आणि बंदराची जागा दक्षिण टोकाला. पूर्वी गिरणी कामगार परळ-लालबागच्या चाळींत राहत. भोंगा झाला की पायी गिरणीत जात. १९८२ साली मोठा संप झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. जागेचे भाव चढले. गरीब माणूस लांब लांब सरकला. कोणी विरारला गेला, कोणी कल्याणला, कोणी थेट कसाऱ्याला. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. कसारा ते मुंबई सुमारे १२० किलोमीटर!

लोकल गाडीचा पास स्वस्त असतो. म्हणून लांब राहणे परवडते. पैसा वाचतो, पण वेळ जातो. किती जातो? चला, हिशेब करू.

समजा, एक गडी विरारहून चर्चगेटला जातो. गाडीत सुमारे दीड तास. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते काम, अर्धा तास. झाले दोन तास. येताना पुन्हा दोन. रोजचे चार तास! महिन्याला २५ दिवस काम, म्हणजे १०० तास. वर्षाचे १२०० तास. त्याला २४ ने भागा. उत्तर येते ५०. म्हणजे वर्षातले ५० दिवस आणि ५० रात्री नुसत्या वाटेत गेल्या!

आता मजुरी बघा. समजा, आठ तासांचे ६०० रुपये मिळतात. तासाला ७५ झाले. पण माणूस घराबाहेर असतो बारा तास. मग तासाला पडले ५० रुपयेच.

बाप निघतो तेव्हा लेकरे झोपलेली. परततो तेव्हाही झोपलेली. बाई कामाला जात असेल तर तिचे हाल दुप्पट. पाणी, स्वयंपाक उरकायला ती पहाटेच्याही आधी उठते.

शहरात जाऊ नका, असे मी म्हणत नाही. पोटासाठी जावे लागते. पण दुरून डोंगर साजरे दिसतात. घराजवळ थोडे कमी मिळत असेल, तर दोन्ही बाजू मांडून पाहा. आता तुम्हाला आकडे येतात. कागद घ्या, पेन्सिल घ्या. एका बाजूला रुपये लिहा, दुसऱ्या बाजूला तास लिहा. मग घरात सगळे मिळून ठरवा.