बुरशी, पेनिसिलिन आणि प्लास्मिड



पुण्याकडच्यांना पिंपरीची एच.ए. कंपनी, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, नक्की आठवत असेल. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने ती १९५४ साली स्थापन झाली. तिथे मोठमोठ्या टाक्यांत पेनिसिलियम बुरशी वाढवून पेनिसिलिन काढत. गंमत अशी की बुरशीला स्वतः जगायला पेनिसिलिन लागतच नाही. तो तिचा जोडधंदा! शास्त्रज्ञ अशा पदार्थाला सेकंडरी मेटाबोलाइट म्हणतात.

आता प्लास्मिड. पेशीतल्या गुणसूत्रांपासून सुटा राहणारा डीएनएचा छोटा तुकडा, बहुधा कड्यासारखा गोल. गुणसूत्र ही कपाटातली पोथी, तर प्लास्मिड हा खिशातला चिठोरा. शेजाऱ्याला नक्कल देणं सोपं. मग पेनिसिलिनची कृती अशाच चिठोऱ्यावर असेल का? स्ट्रेप्टोमायसिसमध्ये मेथिलिनोमायसिन या प्रतिजैविकाची कृती खरोखरच प्लास्मिडवर सापडली. पण स्ट्रेप्टोमायसिस दिसतो बुरशीसारखा, आहे मात्र जिवाणू. (एच.ए.मध्ये हमायसिन ज्यापासून मिळालं, त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपली पिंपरी!)

पेनिसिलियमचं तसं नाही. तिची पेनिसिलिनची तीन मुख्य जनुकं गुणसूत्रावरच शेजारी शेजारी असतात. १९४३ साली अमेरिकेत पिओरियाला एका बुरसलेल्या खरबुजावर जी बुरशी मिळाली, तिच्यापासून पुढे भरघोस पेनिसिलिन देणारे वाण तयार झाले. १९९५ च्या सुमारास दिसलं की त्यांच्यात गुणसूत्राचा हाच भाग एकापुढे एक पुन्हा पुन्हा छापला गेलाय. प्लास्मिडचा संबंध नाही. बुरशीत प्लास्मिड असतात, पण बहुतेक मायटोकाँड्रियात. न्यूरोस्पोराला तर त्यातले काही अकाली म्हातारं करतात. प्रयोगशाळेत बनवलेले प्लास्मिड मात्र बुरशीत नवीन जनुक पोचवणारे हमाल म्हणून फार उपयोगी.

पेनिसिलिनच्या गोष्टीत प्लास्मिडचा खरा हात आहे तो विरुद्ध पक्षाकडून. पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराची कृती जिवाणूंत बऱ्याचदा प्लास्मिडवर असते आणि एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे जाते. इथे सिंगापुरात अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून आपल्यातले काहीजण भारतातून येताना बॅगेत अमॉक्सिसिलिन टाकतात. (हसू नका, माहीत आहे मला!) सर्दी झाली की दोन गोळ्या. सर्दी विषाणूची, त्याला काही होत नाही. मरतात ते पोटातले साधे जिवाणू. चिठोरा बाळगणारे उरतात, वाढतात आणि नकला वाटतात.

डॉक्टर कधी अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्युलॅनिक आम्ल असलेली गोळी देतात, ते या विकराला अडवण्यासाठीच. तेही मिळालंय एका स्ट्रेप्टोमायसिसकडूनच.