करडाला रान लागतं
(शिवाजी पेठ, कोल्हापूर इथल्या सभेतलं भाषण)



आम्ही सातपुड्यातली माणसं. आमची जमिनीची लढाई करडाच्या पोटापर्यंत जाते, ते सांगायला आलोय.

तीन महिन्यांच्या आसपास करडाचं दूध तुटतं. पुढची वाढ चाऱ्यावर. तुमच्याकडं गोठ्यात उसाचं वाडं असतं. पण नुसत्या वाड्यावर करडू भरत नाही. लसूणघास, मक्याचा भरडा, पेंड द्यावी लागते. आम्ही पेंड कुठनं आणणार? बोर, बाभूळ, अंजनाचा पाला हाच आमचा खुराक. त्यात प्रथिनं असतात. तो चावून-रवंथ करून करडाचं कोटीपोट वाढायला मदत होते. रान बंद झालं की तेच करडू खुरटतं, बाजारात निम्म्या भावात जातं.

शेळी जंगल खाते म्हणतात. मग कोवळी रोपं कुठं राखायची, शेळ्या कुठं चारायच्या, हे ग्रामसभा ठरवेल. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3 मध्ये चराईचा हक्क लिहिलाय, कलम 5 मध्ये जंगल राखायचा अधिकार.

राधानगरी-शाहूवाडीच्या धनगरवाड्यांनाही हाच कायदा आहे. सामूहिक दावा भरताना चराईचा रकाना कोरा सोडू नका. खेडलेल्या जमिनीइतकंच ते रान आपलं आहे.