जुन्या वाड्याची ओल आणि विटांची निगा
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांचे वडिलोपार्जित वाडे आजही उभे आहेत. त्यांचे हिस्सेदार अनेक, राहणारे थोडे आणि खर्च करणारे त्याहूनही थोडे. त्यामुळे बाहेरच्या विटांचे पोपडे निघू लागले की सर्वांत स्वस्त दिसणारा उपाय ठरतो आणि भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवून सर्वजण निश्चिंत होतात. या उपायानेच वाड्याचा घात होतो, हे आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

पेशवाई १८१८ साली संपली. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन याने इंग्लंडात घेतले ते १८२४ साली. अर्थात पेशवेकालीन वाडे चुन्याने व मातीने जोडलेले आहेत, आणि त्यांच्या भिंतींचा स्वभाव निराळा आहे. दिव्याच्या वातीत तेल चढावे त्याप्रमाणे जमिनीतील पाणी भिंतीत चढते. बहुधा तीन-चार फुटांपर्यंत. दोन विटांमधील सांध्यास गवंडी ‘दर्ज’ म्हणतात. दर्ज चुन्याची असली म्हणजे पाणी तिच्यातून बाहेर पडून वाळते. त्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात, तोच लोणा. दर्ज झिजते, पण वीट वाचते. दर्ज सिमेंटची केली की ही वाट बंद होते. मग पाणी विटेतून निघू लागते, क्षारांचे स्फटिक विटेच्या पृष्ठभागाखाली वाढतात आणि तिचा दर्शनी भाग सुटून पडतो. सबंध भिंतच सिमेंटने झाकली तर ओल आणखी वर चढते आणि भिंतीत रुतलेल्या तुळयांची टोके आतल्या आत कुजतात. ध्यानात ठेवावयाचे सूत्र इतकेच की, दर्ज विटेपेक्षा मऊ असावी.

दुरुस्तीचा आरंभ पाण्यापासून करावा. फुटकी कौले, तुंबलेली पन्हळ, नहाणीची गळकी मोरी, भिंतीत रुजलेला पिंपळ हे आधी पाहावे. अंगणात भर घालून जोते बुजविले असेल, तर ती भर काढून पाण्याचा उतार भिंतीपासून दूर न्यावा. भिंत ओळंब्याबाहेर गेली असल्यास किंवा तुळई खचली असल्यास प्रथम अभियंत्यास दाखवावे.

त्यानंतर सिमेंट छिन्नीने, हाताने, हळूहळू काढावे व भिंतीस एक उन्हाळा वाळू द्यावे. लोणा कोरड्या कुंच्याने झाडावा. धुतल्यास तो पुन्हा आत जातो. पूर्ण झिजलेली वीट काढून त्याच मापाची भाजलेली वीट बसवावी. पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत, दर्जा रुंदीच्या दुप्पट, निदान पाऊण इंच, खोल खरवडाव्यात, पाण्याने भिजवाव्यात आणि एक भाग चुना व तीन भाग वाळू-सुरखी यांच्या मिश्रणाने दाबून भराव्यात. वर ओले गोणपाट टाकून काम सात दिवस तरी ओलसर ठेवावे. कळीचा चुना पाण्यात विरविताना तो उसळतो. तेव्हा मुलांना दूर ठेवावे व डोळे सांभाळावेत. शेवटी रंग द्यावयाचा तर चुन्याचाच द्यावा; तैलरंगानेही ओल कोंडते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील माती व कच्च्या विटांची कितीतरी घरे कोसळली. ते पाणी सर्वांनी पाहिले. भिंतीतील ओल मात्र गिलाव्याआड वर्षानुवर्षे आपले काम करीत राहते आणि तुळई खचेपर्यंत कोणास कळत नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. प्रत्येक वाड्याच्या हिस्सेदारांनी दरवर्षी थोडी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी आणि पावसाळ्यानंतर एकदा एकत्र येऊन वाड्यास बाहेरून फेरी घालावी. आणि चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता विरळ होत असल्याने, आपल्या मंडळाने त्यांची नोंद ठेवून ती सभासदांस उपलब्ध करून द्यावी. वाडा विकावा की राखावा, हा प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न आहे. परंतु ज्यांना तो राखावयाचा आहे, त्यांच्या हातून तो अज्ञानाने पडू नये.