वाळ्याची सुगंधी पिशवी



फाल्गुन सरत आला की अमरावती-अकोल्याकडील घरांत शाली, रजया व लोकरीचे कपडे पेटीत जातात आणि त्यांच्या घड्यांत चार-दोन डांबरगोळ्याही ठेवल्या जातात. कसर लागू नये हा हेतू योग्यच. परंतु ही गोळी पांढरी, वाटोळी, अगदी पेपरमिंटसारखी दिसते. लहान मुलाच्या हाती लागली तर ती तोंडातच जावयाची. नॅफ्थलीन पोटात गेल्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात, आणि ज्या मुलांच्या रक्तात एका संरक्षक द्रव्याची जन्मतःच उणीव असते, त्यांच्या तर जिवावर बेतते. कापराचेही तसेच. देवघरातील वस्तू म्हणून त्याविषयी कोणास शंका येत नाही. पण थोडा कापूर गिळल्यानेही मुलास झटके येऊ शकतात. असे घडल्यास ओकारी काढण्याच्या खटपटीत न पडता मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

मग पेटीत ठेवावे तरी काय? त्याचे एक उत्तर हस्तकौशल्याच्या तासास मुलांच्या हातून शिवून घेता येते. ते म्हणजे वाळ्याची छोटी पिशवी.

वाळा वऱ्हाडास नवा नाही. माठात त्याची जुडी टाकण्याची चाल जुनी आहे. उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना ओल्या वाळ्याच्या ताट्याही लावल्या जात. पुढे विजेचे कूलर आले आणि ताट्या मागे पडल्या. वाळा हे एका गवताचे मूळ. त्यातील तेल जड असल्याने सावकाश उडते, म्हणून सुवास महिनोन्‌महिने टिकतो. त्या तेलातील काही घटक वाळवीस नकोसे असतात, असे प्रयोगांत आढळले आहे.

वाळा बाजारातून आणावा लागतो. ज्या शाळांना ते जड वाटेल, त्यांनी आपल्या रानाकडे पाहावे. मेळघाटाच्या डोंगरउतारांवर रोशा गवत उगवते. त्यासच तिखाडी म्हणतात. त्याच्या फुलोऱ्याचे व पानांचे तेल काढतात आणि त्या तेलास गुलाबासारखा वास येतो. एके काळी रोशाचे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानापर्यंत जाई व तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. भेसळ ती भेसळच; पण आपल्याकडील गवताची योग्यता तिच्यावरून कळते! तेही न मिळाल्यास काळ्या रानातील लव्हाळा आहेच. निंदणाऱ्या बायांना नकोसा झालेला हा लव्हाळा उपटला की मुळाशी ज्या गाठी निघतात, त्या धुऊन, वाळवून, जाडसर कुटल्यास चांगला वास देतात. मात्र एका पिशवीत एकच जिन्नस भरावा. तिन्ही एकत्र केल्यास मुलांना कशाचाच वास ओळखता येत नाही.

आता कापड. जुने, धुऊन मऊ झालेले सुती धोतर किंवा लुगडे सर्वांत उत्तम. मांजरपाट नवा असेल तर धुऊन त्यातील खळ काढावी, कारण खळ हे कसरीचे खाद्यच आहे. कापड तोंडापुढे धरून फुंकर मारावी. पलीकडच्या तळहातास वारा लागला पाहिजे. तो न लागल्यास सुवासही बाहेर येणार नाही.

पूर्ण झालेली पिशवी १० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद व्हावयाची असेल, तर कापड २२ सेंटिमीटर लांब व १२ सेंटिमीटर रुंद कापावे. हे आकडे मुलांना आयते सांगू नयेत. दोन्ही कडांना आणि तोंडाशी एकेक सेंटिमीटर दाब लागतो व तळाशी घडी येते, एवढे सांगून हिशेब त्यांच्यावर सोपवावा. ज्याचा हिशेब चुकेल त्याची पिशवी लहान होईल, आणि ती चूक फळ्यावरील चुकीपेक्षा अधिक ध्यानात राहील. तेवढ्यासाठी कागदाचा एक नमुना आधी कापून घेतला तर कापड वाया जात नाही.

कापडाची उलटी बाजू बाहेर ठेवून मध्यावर घडी घालावी. दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत घ्यावा. लांब दोरा घेणारे मूल शिवण्यापेक्षा गुंता सोडवण्यातच तास घालवते. दोन्ही कडा बारीक धावदोऱ्याने शिवाव्यात, पण आरंभी व शेवटी दोन-दोन टाके उलट्या टिपेचे घालावेत. पिशवी उसवते ती येथेच. नंतर ती उलटून कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकाने बाहेर काढावेत. सुया तासाच्या आरंभी मोजून द्याव्यात व शेवटी मोजून घ्याव्यात. वर्गातील जमिनीवर पडलेली सुई अनवाणी पायास सापडतेच.

हे काम मुलींपुरते ठेवण्याचे कारण नाही. गावोगावचे शिंपी बहुधा पुरुषच असतात, हे मुलांना सांगितले तरी पुरे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी मूलोद्योगाची कल्पना पुढे आली, तिच्यातही सूतकताई मुलगे व मुली या दोघांसाठी होती.

वाळा धुऊन सावलीत पूर्ण सुकवावा. कडक उन्हात सुवास उडतो आणि ओलसर भरल्यास बुरशी येऊन कपड्यांना डाग पडतात. कात्रीने त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून सैलसर भरावेत. तोंडाच्या कडा आत दुमडून तुरपाईने बंद कराव्यात.

एक गोष्ट पालकांस स्पष्ट सांगावी. हा सुवास किडीस दूर ठेवण्यास साहाय्य करतो, तिला मारीत नाही. घामट, मळका कपडा पेटीत ठेवला तर दहा पिशव्याही त्यास वाचवणार नाहीत. कपडे धुऊन, वऱ्हाडच्या उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, थंड झाल्यावर घडी करावी आणि मगच पिशवी ठेवावी. दिवाळीस पेटी उघडेल तेव्हा पिशवी हाताने चुरावी, म्हणजे वास पुन्हा उमलतो. तोही मंदावला की तुरपाई उसवून जुना वाळा खतात टाकावा, पिशवी धुवावी आणि नवा भरावा.